बदलीच्या अर्जाआधी

वहिनी, सप्रेम नमस्कार.

तुमचे नाव आणि यजमानांचे ठाणे प्रसिद्ध करू नये ही तुमची विनंती मी पाळतो आहे; परंतु पत्रातील प्रश्न अनेक पोलीस कुटुंबांचा असल्याने त्याचा आशय येथे थोडक्यात देतो. तुमचे यजमान नाशिक शहरातील एका पोलीस ठाण्याच्या गुन्हे शोध पथकात हवालदार आहेत. दोन महिन्यांपूर्वी एक तडीपार सराईत रात्री गुपचूप घरी आल्याची खबर लागली. यजमान एका सहकाऱ्यासह मोटारसायकलवर निघाले आणि सहकारी गाडी लावत असतानाच ते एकटे बोळीत शिरले. त्या इसमाने शर्टाच्या आत पाठीला खोचलेला कोयता काढला आणि वार यजमानांनी डाव्या हातावर झेलला. आरोपी पकडला गेला, वरिष्ठांनी पाठ थोपटली, पण करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट अजून नीट मिटत नाही. तरीही ते कामावर रुजू झाले आहेत. तुम्ही साइड ब्रँच, म्हणजे वाहतूक किंवा कार्यालयासारखी ठाण्याबाहेरची शाखा, मागून घ्या म्हणता, तेव्हा ते ‘ओंबळेसाहेबांच्या हातात तरी काय होते, काठीच ना?’ असे म्हणून विषय संपवतात. सासूबाईंच्या मते पोलिसाच्या बायकोने असे बोलूच नये. तुमच्या भावाच्या मते अशा गुंडांना सरळ गोळ्या घालायला हव्यात. आणि तुम्ही विचारता आहात की बदलीचा अर्ज करायला लावू, की गप्प राहू?

मी दोन्ही करू नका असे सांगेन. तुम्ही बोलायला हवे, आणि ते बदलीबद्दल बोलण्याआधी त्या रात्रीबद्दल बोलायला हवे. मी खात्यात असताना आणि पुढे प्रशिक्षणार्थींना शिकवताना जे पाहिले त्यावरून माझे मत असे बनले आहे की शस्त्रधारी इसमाला पकडताना होणाऱ्या इजांमागे धाडस कमी पडलेले क्वचितच असते. बहुतेक वेळा दुसरा माणूस पोहोचेपर्यंत न थांबण्याची घाई असते. तुमच्या यजमानांच्या बाबतीत तुम्ही लिहिलेल्या हकिगतीत मला सर्वांत जास्त खटकले ते ‘सहकारी गाडी लावत असतानाच’ हे चार शब्द.

सासूबाईंचा मान राखून एक गोष्ट सांगतो. पोलिसाच्या पत्नीची भीती हा मनाचा दुबळेपणा नव्हे. ती भीती एका खऱ्या धोक्याची आहे आणि तो धोका नेमका कोठे असतो हे समजून घेतले, तर तिचा उपयोगही होतो. बंदूकधारी टोळीशी चकमक, इमारतीला वेढा, अशा घटना घडतात. पण शहरातल्या ठाण्याच्या हवालदाराच्या वाट्याला त्या फार कमी येतात. त्याच्या वाट्याला येते ती हातभर अंतरावरची गाठ. झडती घेताना, दार उघडले जाताना, नाकाबंदीत दुचाकी थांबवून ‘कागदपत्रे दाखवा’ म्हणताना समोरच्याचा हात कोठे आहे, एवढ्यावर सारे अवलंबून असते. नाकाबंदीतला दुचाकीस्वार दूध घेऊन घरी निघालेला गृहस्थ आहे की सीटखाली हत्यार दडवलेला फरारी, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेले नसते.

कोयत्याचे तर वेगळेच दुखणे आहे. तो शेतीचे अवजार आहे, निफाडच्या उसाच्या फडात प्रत्येक तोडणी कामगाराच्या हातात असतो आणि तो विकत घ्यायला कोणताही परवाना लागत नाही. शस्त्र नियमांतसुद्धा नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारे नियंत्रित असली, तरी घरगुती आणि शेतीच्या वापरासाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळलेली आहेत. म्हणूनच शहरात कोणी तो घेऊन फिरताना सापडला, की शस्त्र अधिनियमाच्या जोडीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालील आयुक्तांच्या मनाई आदेशाचाही आधार घेतला जातो. गावठी कट्टा मिळवायला निदान ओळख लागते, पैसे लागतात, मध्य प्रदेशाच्या सीमेवरून तो आणणारा कोणी दुवा लागतो. कोयत्याला यातले काहीच लागत नाही, आणि विशी-बाविशीच्या पोरांच्या हाती तो दिसतो त्याचे हेही एक कारण आहे. अशा पोराला पुढच्या परिणामांचा अंदाज नसतो. मुरलेला गुन्हेगार पोलिसावर हात टाकताना दहा वेळा विचार करील. हा एकदाही करणार नाही.

आता अंतराविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण यजमानांशी बोलताना तुम्हाला याचाच उपयोग होईल. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीचे एक पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये एक साधी गोष्ट मांडली, जी आजही जगभर प्रशिक्षणात सांगितली जाते. सुरी घेतलेला धडधाकट माणूस एकवीस फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो, आणि म्यानातले पिस्तूल काढून नेम धरायला सरावलेल्या पोलिसालाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. हे काही शास्त्रीय सूत्र नाही आणि प्रत्येक प्रसंगाला ते जसेच्या तसे लावताही येत नाही. पण अंदाज येण्यासाठी पुरेसे आहे. जुन्या नाशकातल्या वाड्यांमधून जाणाऱ्या कित्येक बोळींत दोन्ही भिंतींना एकाच वेळी हात लागतात. तेथे एकवीस फूट मिळणार कोठून? म्हणजे कमरेला पिस्तूल असले तरी अशा बोळीत एकट्याने पाऊल टाकणाऱ्या माणसाकडे ते वापरायला वेळच नसतो. वेळ मिळवून देतो तो दुसरा माणूस. एकाने समोरच्याशी बोलत राहायचे आणि दुसऱ्याने फक्त त्याच्या हातांवर नजर ठेवायची. एकाने झडती घ्यायची आणि दुसऱ्याने थोडे बाजूला, मोकळ्या हातांनी उभे राहायचे. मागच्या दाराशी कोणीतरी आहे याची खात्री झाल्याशिवाय पुढचे दार वाजवायचे नाही. यजमानांना हे सारे ठाऊक आहे. त्र्यंबक रस्त्यावरच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत उद्याचे फौजदार हेच शिकतात आणि शिपायांच्या प्रशिक्षण केंद्रांतही हेच शिकवले जाते. माहीत असलेली गोष्ट रात्री दोन वाजता, हातातून शिकार निसटते आहे असे वाटत असताना आठवत नाही, ही खरी अडचण आहे.

यजमान तुकाराम ओंबळे यांचे नाव घेतात, याचा मला आनंद आहे. त्या नावापुढे मीही मान तुकवतो. परंतु त्या रात्रीचा पूर्ण प्रसंग त्यांनी स्वतःला पुन्हा एकदा सांगावा, अशी माझी त्यांना विनंती आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मध्यरात्रीनंतर गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार ओंबळे एकटे नव्हते. नियंत्रण कक्षाकडून पळवलेल्या स्कोडा गाडीची माहिती बिनतारी संदेशाने आलेली होती, रस्त्यावर अडथळे लावलेले होते आणि डॉ. दा. भ. मार्ग पोलीस ठाण्याचे पथक सज्ज उभे होते. कसाबच्या एके-४७ ची नळी ओंबळ्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या, तेव्हा त्यांच्या मागे असलेल्या सहकाऱ्यांना पुढे होऊन त्याला जिवंत पकडता आले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले ते सर्वस्वी योग्यच होते. पण त्यांच्या बलिदानाला अर्थ आला तो मागे पथक होते म्हणून. बोळीत एकट्याने शिरण्याचा दाखला त्या प्रसंगात कोठेही सापडत नाही. शिवाय सहायक फौजदाराच्या हाती रायफलींविरुद्ध फक्त काठी असावी, ही त्या रात्रीची उणीव होती. त्यांच्या शौर्यामुळे ती उणीव आदर्श ठरत नाही, आणि त्यांच्या नावाने आज एखाद्या हवालदाराने अपुऱ्या तयारीनिशी जावे, हे मला त्यांच्या स्मृतीशी सुसंगत वाटत नाही.

आपल्याच जिल्ह्यातला एक प्रसंग तुम्हाला आठवत असेल. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलभेसळ करणाऱ्या टोळीने भरदिवसा जिवंत जाळले. ते पोलीस नव्हते, पण गुन्हा डोळ्यांसमोर दिसताच त्यांनी तो रोखण्याचा प्रयत्न केला आणि त्या वेळी सोबत पोलीस बळ नव्हते. त्यांच्या सचोटीबद्दल आणि धैर्याबद्दल जिल्ह्यात आजही आदराने बोलले जाते. मला मात्र त्या आदरासोबत नेहमी असेही वाटते की असा माणूस आपण गमवायला नको होता, आणि सोबत एक पोलीस गाडी असती तर कदाचित गमावलाही नसता.

दुसरा प्रसंग उत्तर प्रदेशातला आहे आणि त्यात तुमच्यासाठीही एक सूचना दडलेली आहे. ३ जुलै २०२० रोजी कानपूरजवळच्या बिकरू गावात विकास दुबे या कुख्यात गुंडाला पकडायला गेलेल्या पथकातील आठ पोलीस मारले गेले. तेथे संख्याबळ होते, पण पोलीस येत असल्याची बातमी आधीच फुटली होती. रस्त्यात जेसीबी आडवा लावलेला होता आणि छपरांवर माणसे दबा धरून बसलेली होती. बातमी फुटली की मोठे पथकसुद्धा सापळ्यात सापडते. म्हणून यजमान आज कोठे गेले आहेत, कोणाच्या मागावर आहेत, केव्हा परतणार आहेत, हे वसाहतीतल्या गप्पांत, भिशीत किंवा नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कधीही सांगू नका. मुलीलाही ‘बाबा ड्युटीवर आहेत’ एवढेच सांगायला शिकवा. घरापासून करता येण्याजोग्या संरक्षणांत मी याला सर्वांत वर ठेवीन.

तुमच्या भावाच्या म्हणण्याबद्दल स्पष्टच लिहितो. त्यांचा संताप मी समजू शकतो, पण त्यांचे म्हणणे मला मुळीच मान्य नाही, आणि ते तुमच्या यजमानांच्या हिताचेही नाही. जीव धोक्यात असताना बळ वापरण्याचा अधिकार कायद्याने पोलिसाला दिलेला आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४३ अटकेला विरोध झाल्यास आवश्यक ते सर्व उपाय योजण्याची मुभा देते, आणि मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती असेल तर भारतीय न्याय संहितेतील खासगी संरक्षणाचा हक्क पोलिसालाही आहेच. त्याच कलम ४३ मध्ये बेकायदा शस्त्र बाळगणाऱ्याला अटक करताना बेडी घालण्याची तरतूदही आता आली आहे, जी पूर्वी इतक्या स्पष्टपणे नव्हती. मात्र हे सारे धोका असेपर्यंत आहे. हत्यार खाली पडले, माणूस ताब्यात आला, की तो हक्क तेथेच संपतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये महाराष्ट्रातल्याच चकमकींच्या प्रकरणात सोळा निर्देश दिले, त्यांनुसार पोलीस गोळीबारातील प्रत्येक मृत्यूचा तपास सीआयडीकडून किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडून स्वतंत्रपणे व्हावा लागतो. काही पोलिसांना हे जाचक वाटते. मला वाटते की ज्याने खरोखरच जीव वाचवण्यासाठी गोळी झाडली, त्याच्या बाजूने उभा राहणारा सर्वांत भक्कम पुरावा अशाच तपासातून तयार होतो. आणि ‘पोलीस सापडताच मारतात’ असा समज ज्या वस्तीत पसरतो, तेथे लपलेला इसम शरण येण्याऐवजी कोयता उगारतो. त्याची किंमत भाषणे करणारा देत नाही. दारात उभा असलेला हवालदार देतो.

अंगावरील संरक्षणाविषयी एकच मुद्दा, कारण त्याबाबत पुष्कळ गैरसमज आहेत. बुलेटप्रूफ जाकीट म्हणून जे ओळखले जाते, त्यातले मऊ कापडी प्रकारचे जाकीट पिस्तुलाची गोळी अडवू शकते, पण टोकदार सुरीचा भोसका अडवीलच असे नाही. भोसक्यापासून वाचवणाऱ्या जाकिटाची बांधणी निराळी असते. शिवाय कोयत्याचे वार प्रामुख्याने हात, डोके, खांदा आणि मान यांवर येतात आणि या जागा जाकिटाबाहेरच राहतात. म्हणून यजमान ‘जाकीट घालून काय होणार’ असे म्हणत असतील, तर त्यांच्या शंकेत तथ्य आहे. पण त्यातून जाकीट सोडण्याचा निष्कर्ष निघत नाही. जाकिटासोबत हेल्मेट आणि हातमोजे मागावेत, असा निघतो. पथकाच्या गाडीत रक्तस्राव थांबवण्याचे साहित्य, म्हणजे घट्ट बांधायची पट्टी, जखमेत भरायचा गॉज आणि दंडाला किंवा मांडीला आवळायचा पट्टा ठेवला जावा, असा आग्रहही त्यांनी अवश्य धरावा. मोठी धमनी कापली गेली तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो, आणि मध्यरात्री सिव्हिलपर्यंत पोहोचायला तेवढी मिनिटे लागतातच. हत्यार अंगात रुतलेले असेल तर ते जागेवर उपसू नये, हे पथकातल्या प्रत्येकाला ठाऊक हवे.

हाताबद्दल मला तुमच्यापेक्षाही अधिक काळजी वाटते. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट ही नावापुरती बोटे नव्हेत. मुठीची पकड मोठ्या प्रमाणात त्यांच्यावर असते. ती मिटत नसतील तर स्नायुबंधाला किंवा मज्जातंतूला झालेली इजा पूर्ण भरलेली नाही, अशी शक्यता आहे. वरची जखम मिळून आली म्हणून हात बरा झाला असे होत नाही. हाताच्या शस्त्रक्रियेतील तज्ज्ञाला आताच दाखवावे, कारण अशा इजांत उशीर महाग पडतो, आणि सांगितलेली फिजिओथेरपी कंटाळवाणी वाटली तरी पुरी करावी. ज्या हाताने काठी धरता येत नाही, झटापटीत समोरच्याचे मनगट धरून ठेवता येत नाही, तो हात घेऊन पथकात परतणे हे त्यांच्या स्वतःसाठी आणि शेजारी उभ्या राहणाऱ्या सहकाऱ्यासाठीही धोक्याचे आहे. माझ्या मते यजमानांना हा दुसरा मुद्दा पहिल्यापेक्षा लवकर पटेल. स्वतःच्या जिवाची पर्वा न करणारा पोलीस जोडीदाराच्या जिवाची मात्र नक्की करतो.

मनाचेही तसेच. रात्री दचकून उठणे, मुलीवर विनाकारण चिडणे, त्या बोळीवरून जायचे टाळणे किंवा उलट मुद्दाम तिथूनच जाणे, जेवणाआधी एखादा पेग लागू लागणे, असे काही तुम्हाला दिसत असेल आणि महिना उलटूनही कमी होत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. खात्यात नाव होईल म्हणून ते बिचकत असतील, तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तेथे मराठीतही बोलता येते आणि फोन करायला कोणाची परवानगी लागत नाही. तो क्रमांक तुमच्यासाठीही आहे, वहिनी. दाराशी मोटारसायकलचा आवाज येईपर्यंत ज्या जागतात, त्यांनाही विश्रांतीची गरज असते.

आता बदली. साइड ब्रँच म्हणजे सुरक्षित जागा, हा समज अर्धाच खरा आहे. वाहतूक शाखेच्या हवालदाराला मोटारीच्या बॉनेटवरून फरफटत नेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. नाकाबंदीत न थांबणारी गाडी अंगावर येऊ शकते. सिंहस्थ जवळ आला आहे, आणि त्या बंदोबस्तात कोणत्याही शाखेचा माणूस कोठेही उभा केला जाईल. शिवाय गुन्हे शोध पथकातला अनुभवी माणूस, ज्याला वस्तीतले चेहरे ओळखता येतात आणि ज्याच्यावर खबरी विश्वास ठेवतात, तो घडायला कित्येक वर्षे लागतात. त्याच्या जागी आलेला नवा शिपाई त्याच बोळीत त्याच कोयत्यासमोर कमी तयारीने उभा राहतो. यजमानांना आपले काम आवडते, हे तुमच्या पत्रातूनच दिसते. तुमच्या दबावाखाली अर्ज करून ते कार्यालयात बसले, तर ती खंत घरात रोज डोके वर काढील.

म्हणून आधी एक ठरावीक मुदतीचा अर्ज करावा. वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून, हात पूर्ववत होईपर्यंत हलके काम द्यावे, अशी विनंती त्यांनी आपल्या वरिष्ठ निरीक्षकांकडे लेखी करावी. कर्तव्यावर झालेल्या जखमेसाठी अशी विनंती करण्यात कमीपणा काहीच नाही, आणि समंजस अधिकारी ती डावलणार नाही. कोयत्याच्या त्या हल्ल्याची नोंद, वैद्यकीय कागद, फिर्यादीची प्रत, महाराष्ट्र पोलीस कुटुंब आरोग्य योजनेखालील उपचारांचे कागद आणि पगार खात्याला जोडलेल्या अपघात विम्याची माहिती एका फाइलमध्ये घरी ठेवा. वारस नोंदणीत तुमचे नाव बरोबर आहे ना, हेही एकदा तपासा. हे करणे अशुभ नाही.

आणि यजमानांकडून एकच वचन घ्या. ‘जपून राहा’ हे वचन नव्हे, ते रोजच सांगितले जाते आणि रोजच विसरले जाते. वचन असे घ्या की जोडीदार शेजारी येऊन उभा राहिल्याशिवाय आणि ठाण्याला किंवा नियंत्रण कक्षाला जागा कळवल्याशिवाय ते कोणाच्याही दारात जाणार नाहीत, मग समोरचा निसटला तरी चालेल. तडीपार माणूस आज निसटला तरी आठवड्याभरात आईला भेटायला पुन्हा येतोच. हे यजमानांना माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. हात बरा झाल्यावर, हलक्या कामाची मुदत संपल्यावर, ते हे वचन पाळत आहेत की नाही हे त्यांच्या जोडीदाराकडून तुम्हाला आपोआप कळेल. पाळत नसतील, किंवा पथकात माणसेच इतकी अपुरी असतील की ते पाळणे त्यांच्या हातात नसेल, तर मात्र साइड ब्रँचचा अर्ज तुम्ही दोघांनी बसून लिहा आणि त्यात अपुऱ्या मनुष्यबळाचे कारण स्पष्ट शब्दांत नमूद करा. तो अर्ज वरिष्ठांपर्यंत जाईल तेव्हा त्यातली ती ओळ पथकातल्या बाकीच्यांच्याही कामाची असेल.